"काही त्रास नाही": अंडाशयाच्या उलटलेल्या कर्करोगात केमोचे निर्णय कसे होत गेले

पार्श्वभूमी

काकू 54 वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी घरीच ब्लाउज शिवायच्या. लग्नसराईत मध्यरात्र उलटेपर्यंत मशीन चालायचं. नवरा वारलेला, मुलगा एमआयडीसीत कामाला, सून घरी, मुलगी लग्न होऊन पुण्यात. आमच्या डे केअरमध्ये, म्हणजे केमो देऊन त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या विभागात, सगळे त्यांना काकूच म्हणत, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे. ओळख पटू नये एवढ्यापुरते काही तपशील बदलले आहेत. मी या विभागात वैद्यकीय समाजसेविका आहे. औषधांचे निर्णय माझे नव्हते, पण बहुतेक निर्णय झाले तेव्हा मी त्या खोलीत होते.

पहिला आजार या कर्करोगाच्या नेहमीच्या वाटेनेच कळला, म्हणजे उशिरा. पोट फुगायचं, दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं, सारखी लघवीला लागायची. काही महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांत गेले. मग पोटात पाणी झालं, सोनोग्राफी झाली आणि सीए-125, म्हणजे या कर्करोगात रक्तात वाढणारा मार्कर, हजाराच्या वर निघाला. तो सर्वसाधारणपणे 35 च्या आत असतो. निदान झालं अंडाशयाच्या हाय-ग्रेड सीरस, म्हणजे वेगाने वाढणाऱ्या प्रकारच्या कर्करोगाचं, तिसरी स्टेज, पोटाच्या आतल्या पडद्यावर पसरलेला. कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेलच्या तीन केमो, मग मोठं ऑपरेशन, मग उरलेल्या तीन केमो. सगळं महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून, केशरी कार्डावर. शेवटी सीए-125 अकरावर आला, स्कॅन स्वच्छ आला, केस परत आले आणि काकू पुन्हा मशीनवर बसल्या.

तिसऱ्या स्टेजला सापडलेला हा आजार बहुतेक जणींमध्ये पुढच्या काही वर्षांत उलटतो, म्हणजे परत येतो. उलटल्यावर तो दाबता येतो, कधी कधी अनेकदा दाबता येतो, पण मुळापासून जाणं फार विरळा. म्हणून दुसऱ्या खेपेच्या केमोचा हिशेब पहिल्या खेपेसारखा नसतो. पहिल्यांदा बाई सगळं सोसते, कारण पलीकडे बरं होणं दिसत असतं. दुसऱ्यांदा किती सोसायचं हे कशासाठी सोसायचं यावरून ठरायला हवं, आणि ते ठरवायचं तर आत्ता तिला नक्की काय होतंय हे समोर यायला हवं. काकूंच्या बाबतीत तेच येत नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं की उत्तर ठरलेलं: "काय न्हाई ओ साहेब, बरं हाय."

पहिला निर्णय: मार्कर वाढला, पण त्रास नाही

केमो संपून चौदा महिने झाले होते. तपासणीत सीए-125 आधी 18, मग 41, मग 78 आला. काकूंना पोटाची काहीच तक्रार नव्हती. सीटी स्कॅनमध्ये पडद्यावर दोन-तीन बारीक, संशयास्पद ठिपके, बाकी काही नाही.

मुलाला केमो लगेच हवी होती. "वाढतोय हे दिसतंय, मग थांबायचं कशाला?" हा प्रश्न अगदी रास्त आहे, आणि त्याला नुसतं "घाई करू नका" म्हणणं पुरत नाही. आमच्या ऑन्कॉलॉजिस्टनी त्याला एका मोठ्या चाचणीची माहिती दिली. युरोपातल्या त्या चाचणीचे निष्कर्ष 2010 साली लॅन्सेटमध्ये आले. 529 बायकांपैकी निम्म्यांना फक्त मार्कर वाढताच केमो दिली, निम्म्यांना लक्षणं किंवा आजार दिसेपर्यंत थांबवलं. पहिल्या गटाची केमो जवळजवळ पाच महिने आधी सुरू झाली. आयुष्यात मात्र फरक पडला नाही. उलट आधी सुरू केलेल्यांची तब्येतही आधी ढासळली.

ऑपरेशनचाही विचार झाला. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेस्कटॉप-3 चाचणीत काही निवडक रुग्णांना दुसऱ्या ऑपरेशनचा फायदा दिसला होता. त्यासाठी प्रकृती धडधाकट हवी, पहिल्या ऑपरेशनमध्ये सगळा आजार निघालेला हवा, पोटात पाणी नसावं किंवा अगदी कमी असावं, आणि या वेळीही सगळा आजार काढता येईल असं दिसायला हवं. काकूंच्या पहिल्या ऑपरेशनमध्ये आतड्यालगत थोडा भाग राहिला होता. सर्जननी नको म्हटलं आणि तो विषय तिथेच संपला.

थांबायचं ठरलं. दर सहा आठवड्यांनी तपासणी, आणि मधे पोट फुगलं, जेवण कमी झालं, शौचाला अडलं तर ताबडतोब यायचं. हा निर्णय वैद्यकीयदृष्ट्या सरळ होता. घरात तो कठीण गेला. मुलगा रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवून रात्री परत परत बघायचा, असं सुनेने सांगितलं. काकूंना तो आकडा माहीत नव्हता, कारण घरच्यांनी "थोडी सूज आहे" एवढंच सांगितलं होतं. म्हणजे ज्या बाईला लक्षणांवर लक्ष ठेवायला सांगितलं होतं, तिला कशासाठी ते सांगितलेलंच नव्हतं.

हे मला मान्य नव्हतं आणि डॉक्टरांनाही नव्हतं. पण मुलाला डावलून सांगणं हाही उपाय नव्हता. त्याच्याशी स्वतंत्र बोलल्यावर तो म्हणाला, "ताई, बाबांना सांगितलं आणि त्यांनी जेवणच सोडलं." त्याची भीती खोटी नव्हती. शेवटी असं ठरलं की काकूंना आधी विचारायचं, "तुम्हाला रिपोर्टचं किती सांगू?" त्यांचं उत्तर आलं, "सगळं सांगा की. ब्लाउजाच्या ऑर्डरी घ्यायच्या का न्हाई ते तरी कळंल." सांगितल्यावर त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि मग लग्नसराईच्या ऑर्डरी घेतल्या. पुढचे चार महिने त्यांनी पूर्ण काम केलं. लगेच केमो सुरू केली असती तर हेच चार महिने सलाईनखाली गेले असते.

दुसरा निर्णय: कोणती औषधं

चार महिन्यांनी पोट दुखायला लागलं, भूक गेली, स्कॅनमध्ये गाठी स्पष्ट दिसल्या. शेवटच्या केमोपासून दीड वर्ष झालं होतं. प्लॅटिनमच्या, म्हणजे कार्बोप्लॅटिनच्या गटातल्या औषधाच्या, शेवटच्या डोसनंतर सहा महिन्यांहून जास्त काळ आजार शांत राहिला असेल, तर तो पुन्हा प्लॅटिनमला दाद देण्याची शक्यता चांगली असते. त्यामुळे कार्बोप्लॅटिन परत द्यायचं हे नक्की होतं. सोबत कोणतं, हा प्रश्न होता.

पॅक्लिटॅक्सेल ओळखीचं, योजनेत सहज मंजूर होणारं. पण केस परत जाणार आणि नसांना आणखी इजा होणार. जेमसायटाबिनमध्ये रक्तातल्या पेशी आणि प्लेटलेट जास्त उतरतात, शिवाय पहिल्या आणि आठव्या दिवशी असं दोनदा यावं लागतं. तिसरं लायपोसोमल डॉक्सोरुबिसिन, रुग्णांच्या भाषेत लाल सलाईन. 2010 सालच्या कॅलिप्सो चाचणीत कार्बोप्लॅटिनसोबत हे औषध पॅक्लिटॅक्सेलच्या तोडीस तोड ठरलं होतं. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ थोडा जास्तच, 9.4 महिन्यांऐवजी 11.3 महिने. केस जाणं आणि हातापायांचा बधिरपणा बराच कमी. तोंड येणं आणि तळहात-तळपाय सोलणं मात्र जास्त.

फाईलमध्ये बधिरपणाच्या रकान्यात "नाही" लिहिलेलं होतं. त्या एका शब्दावर पॅक्लिटॅक्सेल ठरून गेलं असतं. शीर शोधताना सिस्टरनी सहज विचारलं, "काकू, सुईत दोरा ओवता येतो का?" काकू म्हणाल्या, "त्ये सून ओवून देती. दीड वरीस झालं." मग एकेक बाहेर आलं. हूक लावताना बोटांत हूक आहे की नाही ते बघून कळायचं. चप्पल पायातून निसटली तर चार पावलं पुढे गेल्यावर समजायचं. काज-बटणाचं काम त्या शेजारणीला देत होत्या.

डॉक्टरांना का नाही सांगितलं? "सांगितलं तर औषध कमी करत्यात. कमी केलं तर गाठ वाढंल." हे त्यांना वेटिंग हॉलमध्ये दुसऱ्या एका रुग्णाच्या नातेवाइकांनी सांगितलं होतं, आणि त्यांनी ते खरं धरलं होतं. डोस कमी होण्याच्या भीतीने त्रास लपवणाऱ्या बायका आम्ही सतत पाहतो. या आजाराच्या केमोतल्या अनुभवांचा कोणताही हिशेब मांडायचा तर तो इथून सुरू करावा लागतो, कारण आपल्याकडच्या नोंदी ज्या उत्तरांवर उभ्या आहेत ती उत्तरं अशी भीतीने दिलेली असतात.

डॉक्टरांनी तेव्हा केलेली गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. त्यांनी काकूंना विचारलं, "या केमोनंतर तुम्हाला काय करता यायला हवं?" काकू म्हणाल्या, "मशीन." मग लाल सलाईनचा तोटा न लपवता सांगितला: यानेही हात लाल होतील, सोलतील, पण औषध थांबवलं की ते भरून येतं, पॅक्लिटॅक्सेलने नस गेली तर ती परत येईलच असं नाही. काकूंनी लाल सलाईन निवडलं. टूडी इको करून हृदय तपासलं, आरोग्यमित्रांमार्फत योजनेची मंजुरी घेतली आणि दर चार आठवड्यांनी केमो सुरू झाली.

आठवा डोस

पहिली केमो नीट गेली. दुसरी म्हणजे कार्बोप्लॅटिनचा आयुष्यातला आठवा डोस. या औषधाची ॲलर्जी पहिल्या खेपेत क्वचित दिसते. आजार उलटल्यावर ते पुन्हा सुरू केलं की सातव्या-आठव्या डोसच्या आसपास धोका एकदम वाढतो. सिस्टरना हे ठाऊक होतं, म्हणून त्या दिवशी काकूंची खाट काउंटरच्या समोर होती.

सलाईन अर्ध्यावर आलं असताना काकू तळहात खाटेच्या कडेला घासायला लागल्या. खाज सुटली होती आणि त्या बोलल्या नव्हत्या. "सलाईन बंद केलं असतं की तुम्ही," असं त्या नंतर म्हणाल्या. शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी सिस्टरना हाक मारली तोवर चेहरा लाल झाला होता, छाती भरून आली होती, बीपी उतरत होतं. सलाईन तोडलं, ऑक्सिजन लावला, ॲड्रेनालिन दिलं. अर्ध्या तासात काकू सावरल्या. मुलगा मात्र कॉरिडॉरमध्ये खाली बसला होता आणि बराच वेळ उठला नाही.

आता तीन वाटा होत्या. प्लॅटिनम सोडून द्यायचं. पण ते लागू पडत होतं, एका केमोनंतरच मार्कर निम्म्यावर आला होता. त्याच गटातलं सिस्प्लॅटिन द्यायचं, त्यात उलट्या, किडनीवर ताण, नसांची इजा, आणि ॲलर्जी तिथेही येण्याची शक्यता. किंवा डिसेन्सिटायझेशन: तेच कार्बोप्लॅटिन आधी अगदी पातळ, मग थोडं घट्ट, असं बारा पायऱ्यांत दर पंधरा मिनिटांनी वेग वाढवत सुमारे सहा तास द्यायचं, जवळ आयसीयूची सोय ठेवून. डे केअरमध्ये हे करता येत नाही, भरती व्हावं लागतं.

काकूंनी विचारलं, "परत तसंच झालं तर?" डॉक्टरांनी सांगितलं की होऊ शकतं, बहुतेकदा सौम्य होतं आणि आम्ही तिथेच असू. मुलगा नको म्हणत होता. काकू म्हणाल्या, करूया. उरलेल्या चारही केमो याच पद्धतीने झाल्या. एकदा अंगावर पित्त उठलं, वेग कमी केल्यावर बसलं. मात्र भरती होण्याआधी सिस्टरनी त्यांच्याकडून एक गोष्ट कबूल करून घेतली: तळहात खाजला की बेल दाबायची, कोणी काहीही म्हणो.

तळहात आणि भाकरी

तिसऱ्या केमोनंतर तळहात लाल झाले, चौथ्यानंतर सोलायला लागले. छापील पत्रकात "उष्णता व घर्षण टाळा" असं लिहिलेलं असतं. काकूंनी ते वाचलं होतं आणि आपण ते पाळतो असं त्यांना मनापासून वाटत होतं, कारण त्या उन्हात जात नव्हत्या. दिवसभरात हाताने काय काय करता हे विचारल्यावर कळलं: सकाळी थापलेल्या भाकरी, कढत पाण्याने धुणं, खसाखसा घासलेली भांडी, संध्याकाळी परत भाकरी. थापताना घर्षण आणि तव्याजवळ उष्णता, दोन्ही रोज.

सुनेला बोलावून यादी करून दिली. भाकरी, धुणं, भांडी बंद. अंघोळ कोमट पाण्याने. केमोनंतरचे काही दिवस घट्ट बांगड्या, घट्ट चप्पल नको, अनवाणी फिरणं नको. दिवसातून काही वेळ हात-पाय गार पाण्यात, मग युरियाचं क्रीम, पण चोळून नाही. पाचवी केमो एक आठवडा पुढे ढकलली आणि लाल सलाईनचा डोस थोडा उतरवला. काकू घाबरल्या. तेव्हा मार्करचा आलेख त्यांच्यासमोर ठेवून डॉक्टरांनी दाखवलं की डोस किंचित कमी केल्याने उतार थांबत नाही. पुढच्या आठवड्यात मार्कर आणखी खाली आलेला त्यांनी स्वतः वाचला, आणि त्यानंतर त्या स्वतःहून त्रास सांगायला लागल्या.

याच काळात बीआरसीए जनुकाची तपासणी झाली. या जनुकातला दोष आईकडून मुलीकडे जाऊ शकतो आणि या कर्करोगाचा धोका वाढवतो. दोष निघाला नाही. ओलापॅरिबसारख्या गोळ्यांचा मोठा फायदा ज्यांच्यात हा दोष असतो त्यांना होतो, त्यामुळे तो महागडा प्रश्न उभा राहिला नाही. पुण्याच्या मुलीचा जीव भांड्यात पडला.

सहाव्या केमोनंतरच्या स्कॅनमध्ये गाठी जवळपास नाहीशा झाल्या होत्या.

पाच महिन्यांनी

सुट्टी पाच महिन्यांची मिळाली. मग पोटात पाणी भरलं. सहा महिन्यांच्या आत उलटलेला आजार प्लॅटिनमला सहसा दाद देत नाही, आणि एकेकट्या औषधाने गाठी आकसण्याचं प्रमाण शंभरात दहा-पंधराच्या घरात असतं. 2014 मध्ये छापल्या गेलेल्या ऑरेलिया चाचणीत अशा रुग्णांत नुसत्या केमोवर आजार सरासरी 3.4 महिने थोपला, बेव्हासिझुमॅब (गाठीचा रक्तपुरवठा रोखणारं औषध) जोडल्यावर 6.7 महिने. काकूंची गाठ आतड्याला चिकटलेली होती. तिथे बेव्हासिझुमॅबने आतड्याला भोक पडण्याचा धोका असतो, म्हणून ते बाद झालं.

उरले तीन पर्याय: दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल, घरी घ्यायच्या सायक्लोफॉस्फामाइडच्या कमी डोसाच्या गोळ्या, किंवा केमो न देता फक्त त्रासावर उपचार.

काकूंनी विचारलं, "यानं बरी हुणार का मी?" मुलाने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "नाही, काकू. बरं होणार नाही. पाणी कमी भरावं, खाता यावं, थोडा जास्त काळ नीट जावा, त्यासाठी हे आहे." दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल लागू पडण्याची शक्यता गोळ्यांपेक्षा थोडी जास्त आहे, हेही त्यांनी सांगितलं. काकूंनी दर आठवड्याच्या एसटीचा आणि मुलाच्या कामाच्या खाड्यांचा हिशेब केला, बोटं पुढे धरली आणि म्हणाल्या, "गोळ्या द्या."

मुलगा नाराज झाला. त्याच्या मते आईने कमी ताकदीचं औषध निवडलं. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करण्यावर भर देणाऱ्या डॉक्टरांची पहिली भेट याच आठवड्यात झाली आणि त्यांनी आईआधी मुलालाच वेळ दिला. तो पूर्ण पटला असं म्हणता येणार नाही, पण त्याने विरोध सोडला.

परिणाम

गोळ्यांवर साधारण चार महिने आजार स्थिर राहिला. दर तीन आठवड्यांनी काढावं लागणारं पोटातलं पाणी दीड महिन्याने काढावं लागू लागलं. काकू रोज थोडा वेळ मशीनवर बसायच्या, ओवायचं काम सून करायची. मग आतडं अडलं. चार दिवस भरती, नाकातून नळी, सर्जनचं मत: ऑपरेशनने फायदा नाही. गोळ्या थांबवल्या. मॉर्फिन आणि उलटीची औषधं घेऊन त्या घरी गेल्या. ड्रेसिंग आणि इंजेक्शनसाठी गावातल्या आरोग्यसेविका येत होत्या. दीड महिन्याने त्या घरीच वारल्या. मार्कर पहिल्यांदा वाढला त्याला तेव्हा सुमारे दोन वर्षं झाली होती.

वेगळं काय करता आलं असतं

बीआरसीएची तपासणी पहिल्या निदानाच्या वेळीच व्हायला हवी होती. इथे दोष निघाला नाही म्हणून नुकसान झालं नाही. निघाला असता तर पहिल्या केमोनंतरच्या गोळ्यांची संधी गेलेली असती, आणि मुलीलाही ते काही वर्षं उशिरा कळलं असतं.

पॅलिएटिव्ह केअर दुसऱ्यांदा उलटल्यावर आली. पहिल्यांदा उलटला तेव्हाच यायला हवी होती. तेव्हा आली असती तर "आता काही उरलं नाही म्हणून हे डॉक्टर आले" असं मुलाला वाटलं नसतं, आणि काकूंचा बधिरपणा कदाचित थोडा आधी फाईलमध्ये आला असता.

आठव्या डोसाच्या दिवसाबद्दल टीममध्ये मतभेद आहेत. काहींच्या मते आधी त्वचेची चाचणी करून धोका हेरता आला असता. काहींच्या मते ती दरवेळी करणं आमच्यासारख्या ठिकाणी शक्य नाही, आणि खाज सुटताच बोलायचं हे रुग्णाला आधी नीट पटवणं जास्त उपयोगाचं. मला दुसरं पटतं, पण पटवणं म्हणजे "काही झालं तर सांगा" एवढंच नव्हे. खाज सुटली तर सलाईन थोडा वेळ थांबेल, तुमचा उपचार बंद होणार नाही, हे वाक्य आधी सांगावं लागतं.

गोळ्यांच्या निर्णयाबद्दल मुलाचा प्रश्न अजून आहे. तो परवा कागदपत्रांसाठी आला तेव्हा त्याने तो पुन्हा विचारला: पॅक्लिटॅक्सेल दिलं असतं तर? दिलं असतं तर कदाचित थोडे महिने जास्त मिळाले असते, कदाचित नसते. तो निर्णय काकूंनी सगळं ऐकून घेतला होता, हे मी त्याला सांगितलं.

आमच्याकडे आता केमोच्या दिवशी डॉक्टरांआधी सिस्टर विचारतात, नातेवाइकांना बाहेर थांबवून: सुईत दोरा ओवता येतो का, हूक लागतो का, चप्पल निसटलेली कळते का, भाकरी कोण करतं, तोंड आलंय का, रात्री झोप लागते का. उत्तरं रुग्णाच्या शब्दांत फाईलच्या पहिल्या पानावर लिहिली जातात. सीमाभागातून येणाऱ्या कन्नड बोलणाऱ्या बायकांना मात्र हे प्रश्न अजून सोबतच्या मुलामार्फतच विचारले जातात; त्यांच्यासाठी कन्नड बोलणाऱ्या सिस्टरची ड्यूटी केमोच्या दिवसांना लावून मागितली आहे.